गुन्हेगारी पूर्वेतिहास आणि सैन्यभरती

पूर्वी गुन्ह्याचा आरोप झालेल्या अथवा शिक्षा भोगलेल्या व्यक्तीस सशस्त्र दलांत प्रवेश द्यावा की नाही, आणि द्यायचा झाल्यास कोणत्या अटींवर, यासंबंधीचे कायदे, प्रथा व वाद यांचा विचार या विषयात होतो. बहुतेक देशांत शांततेच्या काळी असा प्रवेश नाकारला जातो वा त्यावर कडक निर्बंध असतात. मोठ्या युद्धात मनुष्यबळ अपुरे पडू लागले की हेच निर्बंध सैल होतात. भारतात भरतीपूर्वी व भरतीनंतर पोलिसांमार्फत चारित्र्य पडताळणी केली जाते. तिच्यात दोषसिद्धीबरोबरच नुसता दाखल झालेला गुन्हा व तो लपविल्याची बाबही विचारात घेतली जाते. त्यामुळे येथील वाद अट्टल गुन्हेगारांविषयी फारसा नसून, ज्यांच्यावरील आरोप किरकोळ होता, सिद्ध झाला नाही किंवा अद्याप प्रलंबित आहे अशा तरुणांविषयी आहे.

संज्ञा

‘गुन्हेगारी पूर्वेतिहास’ हा शब्दप्रयोग व्यवहारात सैलपणे केला जातो. कायद्याच्या दृष्टीने त्यात निरनिराळ्या अवस्था येतात. पोलीस ठाण्यात प्राथमिक माहिती अहवाल (एफआयआर) नोंदविला जाणे ही पहिली अवस्था होय. अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, जिला महाराष्ट्रात सर्रास ‘एनसी’ म्हणतात, ती याहूनही खालच्या पायरीवरची. तिच्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपासही करू शकत नाहीत. त्यापुढे अटक, दोषारोपपत्र, खटला आणि शेवटी दोषसिद्धी किंवा निर्दोष मुक्तता असा क्रम असतो. न्यायालयाने दोषी ठरवीपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, हे फौजदारी न्यायाचे मूलतत्त्व आहे. भरती करणारी यंत्रणा मात्र शिक्षा देत नसते, ती निवड करीत असते. म्हणून तिला हे तत्त्व जसेच्या तसे लागू होत नाही, अशी सरकारची भूमिका न्यायालयांनीही पुष्कळ अंशी मान्य केली आहे. या विषयातील बहुतेक तंटे याच फटीतून उद्भवतात.

‘नैतिक अधःपतन’ ही आणखी एक संज्ञा वारंवार आढळते. चोरी, फसवणूक, बलात्कार, खोटी कागदपत्रे करणे यांसारखे गुन्हे तिच्यात मोडतात; बांधावरून झालेली हाणामारी सहसा मोडत नाही. कायद्यात तिची नेमकी व्याख्या नसल्याने प्रत्येक प्रकरणात नव्याने ठरवावे लागते.

इतिहास

सैन्यात कोणास घ्यावे हा विचार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सैन्याचे मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि अटवी असे सहा प्रकार सांगितले आहेत. यांपैकी शत्रूकडून आलेले सैन्य आणि रानटी टोळ्यांचे सैन्य यांचे लक्ष लुटीवर असते, म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवू नये, असे तो बजावतो. तरीही त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा हेही सांगतो. मराठ्यांच्या उत्तरकालीन फौजांबरोबर फिरणारे पेंढारी याच जातीचे. त्यांना नियमित पगार नसे, लूट हीच त्यांची कमाई असे. शिवाजी महाराजांच्या काळी लष्कराने रयतेस उपद्रव देऊ नये यावर जो कटाक्ष होता, त्याच्याशी ताडून पाहिले म्हणजे पुढे शिस्त किती ढासळली होती ते कळते.

महाराष्ट्राच्या इतिहासातील रामोशी समाजाचे उदाहरण येथे लक्षणीय आहे. पुरंदरसारख्या किल्ल्यांच्या राखणदारीचे काम या समाजाकडे होते. पेशवाई बुडाल्यावर ते हक्क गेले. उमाजी नाईकांनी बंड केले आणि १८३२ मध्ये पुण्यात त्यांना फाशी देण्यात आली. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९११ च्या सुधारणेनंतर सर्व ब्रिटिश भारतास लागू होऊ शकला, आणि अनेक जमातींतील माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरू लागली. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत रामोशी व बेरड या नावांचा आजही समावेश आहे. कालचे गडकरी आज पोलिसांच्या वहीत आले ते काही केल्यामुळेच असे नव्हे. वही कोणाच्या हाती आहे यावरही ते अवलंबून होते.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सरकारने भारतातील तुरुंगांतून सरळ भरती केली. मेसोपोटेमियाच्या (आजचा इराक) आघाडीवर हमाल व मजूर मिळेनात, तेव्हा १९१६ पासून कैद्यांची पथके तेथे पाठविण्यात आली. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते. ओझी वाहणे, रस्ते बांधणे, बंदरावर माल उतरविणे ही त्यांची कामे. मोबदल्यात वेतन आणि उरलेल्या शिक्षेत माफी असे आश्वासन होते. हजारो कैदी अशा रीतीने समुद्रापार गेले. भारतीय सैनिकांच्या शौर्याची स्मारके उभारली गेली, परंतु या कैदी मजुरांचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो.

युरोपात सक्तीच्या लष्करी सेवेमुळे प्रश्नाला वेगळे वळण लागले. सर्व तरुणांना सैन्यात जाणे बंधनकारक असताना शिक्षा झालेल्यांना वगळले, तर गुन्हा करणे हा सेवा टाळण्याचा मार्ग ठरतो. सामावून घेतले तर इतर सैनिकांवर त्यांची छाया पडते. फ्रान्सने यावर १८३२ मध्ये उत्तर आफ्रिकेत स्वतंत्र पलटणी उभारण्याचा तोडगा काढला. नागरी जीवनात तुरुंगवास भोगलेल्या तरुणांना आपली सेवा तेथे पुरी करावी लागे. याच्या आदल्याच वर्षी, १८३१ मध्ये, स्थापन झालेल्या फ्रेंच परदेशी सेनेत (फॉरेन लीजन) बदललेल्या नावाने दाखल होता येत असे, आणि त्यामुळे ती फरारी गुन्हेगारांचे आश्रयस्थान असल्याची ख्याती पसरली. कथा-चित्रपटांनी ती जिवंत ठेवली आहे. आज मात्र उमेदवाराची ओळख व पूर्वेतिहास तपासला जातो आणि गंभीर गुन्ह्यात हवे असलेल्यास घेतले जात नाही.

युद्धकाळातील तुरुंगभरती

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाने २८ जुलै १९४२ च्या २२७ क्रमांकाच्या आदेशाने दंड-बटालियन व दंड-कंपन्या निर्माण केल्या. सर्वांत धोक्याच्या जागी यांना पाठविले जाई. जास्तीत जास्त तीन महिने अथवा जखमी होईपर्यंत तेथे लढल्यास दोष धुऊन निघाला असे मानले जाई. युद्ध संपेपर्यंत चार लाखांहून अधिक लोक या पथकांतून गेले. त्यांतील बहुसंख्य सामान्य गुन्हेगार नव्हते; आज्ञाभंग, माघार, पलायन अशा लष्करी अपराधांसाठी शिक्षा झालेले सैनिकच होते. दोन्ही प्रकारांची सरमिसळ लोकप्रिय लेखनात नेहमी होते.

नाझी जर्मनीतील डिर्लेवांगर पथकाचा इतिहास याहून काळाकुट्ट आहे. चोरून शिकार केल्याबद्दल शिक्षा झालेल्या कैद्यांपासून १९४० मध्ये ते सुरू झाले आणि पुढे अट्टल गुन्हेगारही त्यात घेण्यात आले. त्याचा प्रमुख ऑस्कर डिर्लेवांगर स्वतः एका अल्पवयीन मुलीवरील अत्याचाराबद्दल शिक्षा भोगून आलेला होता. बेलारूसमधील गावे जाळणे आणि ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्साच्या वोला भागात नागरिकांची कत्तल करणे यांत हे पथक अग्रभागी होते. गुन्हेगारांना सैन्यात घेण्याविरुद्ध हे उदाहरण हटकून दिले जाते. पण अशी कृत्ये हेच त्या पथकाला दिलेले काम होते, आणि ज्यांच्या नावावर एकही गुन्हा नव्हता अशा अन्य जर्मन पथकांनीही तीच केली, हे विसरता येत नाही.

अलीकडील काळात रशिया-युक्रेन युद्धाने हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आणला. २०२२ मध्ये वॅग्नर या खासगी सैन्याचा प्रमुख येवगेनी प्रिगोझिन याने रशियन तुरुंगांत जाऊन भरती सुरू केली. सहा महिने आघाडीवर काढल्यास शिक्षामाफी, असा तो करार होता. वॅग्नरच्या सुमारे ५०,००० सैनिकांपैकी ४०,००० कैदी असल्याचा अमेरिकी सरकारचा अंदाज होता. बाख्मुतच्या लढाईत त्यांची प्रचंड प्राणहानी झाली. माफी मिळवून घरी परतलेल्यांपैकी काहींनी पुन्हा खून केल्याची प्रकरणे रशियन न्यायालयांपुढे आली. २०२३ मध्ये रशियन संरक्षण मंत्रालयालाच अशा भरतीची कायदेशीर मुभा मिळाली. युक्रेनने मे २०२४ मध्ये कैद्यांच्या भरतीचा कायदा केला, मात्र त्यात कोणास घ्यायचे नाही हे स्पष्ट केले आहे: एकाहून अधिक माणसांचा खून, लैंगिक अत्याचार, राष्ट्रीय सुरक्षेविरुद्धचे गुन्हे यांत दोषी ठरलेले त्यातून वगळले आहेत. अर्ज कैद्याने स्वतः करावयाचा आणि सुटकेचा निर्णय न्यायालयाने द्यावयाचा अशी तेथील पद्धत आहे. दोन्ही देशांना माणसांची सारखीच निकड होती. अटींतील हा फरक त्यामुळे अधिक उठून दिसतो.

अमेरिकेतील सवलत पद्धती

अमेरिकेच्या कायद्यानुसार गंभीर गुन्ह्यात (तेथे त्यास ‘फेलनी’ म्हणतात) दोषी ठरलेल्या व्यक्तीस सैन्यात घेता येत नाही. तथापि योग्य प्रकरणी संबंधित दलाच्या सचिवास अपवाद करण्याचा अधिकार आहे. अशा अपवादास सवलत अथवा ‘वेव्हर’ म्हणतात. उमेदवाराचे गुन्ह्याच्या वेळचे वय, मध्ये गेलेला काळ, शिक्षण, शिफारशी असा सगळा माणूस पाहून निर्णय घ्यावा, अशी त्यामागील कल्पना आहे. ‘तुरुंग की सैन्य’ असा पर्याय न्यायाधीशाने द्यावा, ही व्हिएतनाम युद्धाच्या काळची प्रथा आता लष्कराच्या नियमांना मान्य नाही.

इराक युद्ध लांबले तेव्हा सवलतींची संख्या वाढली. लष्कराने गंभीर गुन्ह्यांसाठी २००६ मध्ये २४९, तर २००७ मध्ये ५११ सवलती दिल्याचे उघड झाल्यावर तेथील संसदेत टीका झाली. त्या टीकेला एका भीषण घटनेची पार्श्वभूमी होती. मार्च २००६ मध्ये इराकमधील महमुदिया येथे अमेरिकी सैनिकांनी एका चौदा वर्षांच्या मुलीवर बलात्कार करून तिची व तिच्या कुटुंबाची हत्या केली. यातील प्रमुख आरोपी स्टीव्हन ग्रीन हा किरकोळ गुन्ह्यांबाबत सवलत मिळवून २००५ मध्ये भरती झालेला होता. २००९ मध्ये त्यास जन्मठेप झाली. त्याच्याबरोबर इतर सैनिकही दोषी ठरले.

उलट बाजूस, जेनिफर लुंडक्विस्ट, डेव्हा पेजर व आयको स्ट्रेडर या समाजशास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गंभीर गुन्ह्यांसाठी सवलत मिळालेले सैनिक असमाधानकारक कामगिरीमुळे बाहेर पडण्याचे प्रमाण इतरांएवढेच असल्याचे, आणि त्यांना पदोन्नती इतरांपेक्षा लवकर मिळत असल्याचे आढळले. हे सैनिक मुळातच चाळणीतून पारखून घेतलेले होते, ही गोष्ट हा निष्कर्ष वाचताना ध्यानात ठेवावी लागते. तुरुंगाचा दरवाजा सरसकट उघडण्याचे समर्थन त्यातून निघत नाही, पण चाळणी नीट असेल तर ती काम करते असे दिसते.

भारतातील पद्धती

भारतीय सैन्यात भरती होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारास भरती मेळाव्याच्या वेळी छायाचित्रासह चारित्र्य प्रमाणपत्र द्यावे लागते. गावात ते सरपंचाकडून मिळते, शहरात नगरपालिका वा महापालिकेकडून. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील ‘वर्तणूक’ या रकान्यात मुख्याध्यापक बहुधा ‘चांगली’ एवढेच लिहितात, आणि खोडकर मुलाच्याही दाखल्यावर दुसरा शब्द लिहायला सहसा हात धजत नाही. खरी तपासणी पोलिसांकडून होते. उमेदवाराने भरलेला पडताळणी अर्ज जिल्हा प्रशासन व पोलीस अधीक्षक यांच्यामार्फत स्थानिक ठाण्यात येतो; गावात पोलीस पाटलाकडे विचारपूस होते. अर्जात ‘आपणास कधी अटक झाली आहे काय’, ‘आपणावर खटला चालला आहे काय’, ‘एखादा खटला प्रलंबित आहे काय’ अशा आशयाचे प्रश्न असतात. पूर्वी नोंद एका ठाण्याच्या वहीत असे. आता गुन्हे व गुन्हेगार शोध जाळे (सीसीटीएनएस) या संगणकीय प्रणालीमुळे ती कोठूनही दिसू शकते.

सैन्य अधिनियम, १९५० च्या कलम ४४ नुसार भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्याचे पुढे उघडकीस आल्यास लष्करी न्यायालय पाच वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा देऊ शकते. म्हणजे किरकोळ हाणामारीपेक्षा ती लपविणे अधिक महागात पडू शकते. उमेदवारांची कोंडी येथेच होते: खरे लिहावे तर निवड हुकण्याची भीती, लपवावे तर नोकरी लागल्यावर ती जाण्याची.

महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात ही कोंडी विशेष परिचयाची आहे. भावकीतील जमिनीच्या भांडणात फिर्याद देताना समोरच्या घरातील सर्व तरुणांची नावे घालण्याची प्रवृत्ती आढळते. भरतीची तयारी करणारा मुलगा त्यात असेल तर ते नाव मुद्दाम घातले जाते, असाही सार्वत्रिक समज आहे. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी या आरोपांची कलमे (जुन्या भारतीय दंड संहितेतील ३२३, ५०४, ५०६, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील ११५(२), ३५२, ३५१) गावोगाव तोंडपाठ असतात ती यामुळेच. अशी प्रकरणे पुढे बहुधा आपसांत मिटतात. कायद्याने तडजोडपात्र गुन्ह्यातील तडजोडीचा परिणाम निर्दोष मुक्ततेइतकाच असतो. भरतीच्या दृष्टीने मात्र तो तसा राहतोच असे नाही.

न्यायालयीन निर्णय

या विषयावरील महत्त्वाचे निर्णय प्रामुख्याने पोलीस व केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या भरतीतून आले आहेत. ही दले संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत नाहीत. परंतु गणवेशधारी सेवांतील पडताळणीची तत्त्वे त्यांतूनच घडत गेली.

दिल्ली पोलिसांतील एका उमेदवाराने विशीतील हाणामारीचा, तडजोडीने मिटलेला खटला अर्जात लपविला होता. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने (पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार) त्याच्या बाजूने निकाल दिला. तरुणपणी माणसाकडून चुका होतात, त्यांसाठी जन्मभर शिक्का मारू नये, असे न्या. मार्कंडेय काटजू यांनी म्हटले, आणि त्यासाठी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील, पाव चोरल्यामुळे आयुष्यभर चोर ठरलेल्या ज्याँ व्हालज्याँचा दाखला दिला. दोनच वर्षांनी मेहर सिंग प्रकरणात न्यायालयाचा सूर बदलला. तडजोडीमुळे किंवा साक्षीदार फितूर झाल्याने झालेली सुटका ‘सन्माननीय मुक्तता’ नव्हे; पोलीस दलात शिरणारा माणूस निष्कलंक असावा, आणि छाननी समितीचा निर्णय दुष्ट हेतूचा नसेल तर न्यायालयाने त्यात हात घालू नये, असे त्यात सांगितले गेले.

या परस्परविरोधी निर्णयांचा मेळ घालण्यासाठी तीन न्यायाधीशांच्या पीठाने २०१६ मध्ये अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा निकाल दिला. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे, हे त्याचे पहिले सूत्र. तरुण वयात घोषणा देण्यासारखा क्षुल्लक गुन्हा लपविला असेल तर नियोक्ता ती चूक पोटात घालू शकतो. क्षुल्लक नसलेल्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर नेमणूक रद्द करू शकतो. अर्जातील प्रश्न स्पष्ट असावा, आणि उमेदवारास जे ठाऊक असल्याचे म्हणता येईल तेच त्याने लपविले असे मानावे, हाही दिलासा त्यात आहे. परंतु खरी माहिती देऊनही, व खटल्यातून सुटूनही, नेमणुकीचा हक्क मिळत नाही. पूर्वेतिहास तोलण्याचा अधिकार नियोक्त्याकडेच राहतो. केंद्रीय राखीव पोलीस दलासंबंधीच्या २०२२ च्या सतीशचंद्र यादव प्रकरणात गणवेशधारी दलांसाठी कसोटी अधिक कठोर असावी, या मतास पुन्हा दुजोरा मिळाला.

एक विसंगती टीकाकार नेहमी दाखवितात. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ८ अन्वये निवडणूक लढविण्यास अपात्रता सामान्यतः दोषसिद्धीनंतर येते; खटला प्रलंबित असताना उमेदवार संसदेत जाऊ शकतो. शिपाई होऊ पाहणाऱ्यास तीच मुभा नाही. निवडणुकीत निवड मतदार करतात आणि भरतीत शासन करते, हे यावरचे उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. ते ऐकून ज्याची नेमणूक गेली त्याचे समाधान होत नाही.

अग्निपथ योजना व आंदोलन

१४ जून २०२२ रोजी केंद्र सरकारने चार वर्षांच्या मुदतीची अग्निपथ योजना जाहीर केली. बिहार, उत्तर प्रदेश, तेलंगण इत्यादी राज्यांत भरतीची वाट पाहणारे तरुण रस्त्यावर उतरले. रेल्वेगाड्या जाळल्या गेल्या. १९ जून रोजी लष्करी व्यवहार विभागातील लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी पत्रकार परिषदेत सांगितले की, आपण जाळपोळीत वा तोडफोडीत सहभागी नव्हतो अशी प्रतिज्ञा प्रत्येक उमेदवारास द्यावी लागेल, पोलीस पडताळणी शंभर टक्के होईल, आणि ज्याच्यावर एफआयआर असेल त्यास सैन्यात येता येणार नाही. शिस्त हा सैन्याचा पाया आहे, ही त्यामागची भूमिका. जमावात नुसत्या उभ्या असलेल्या मुलाचे नाव अहवालात आले तर त्याचे काय, या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मिळाले नाही. या भरतीची किमान वयोमर्यादा साडेसतरा वर्षे असल्याने आंदोलकांत अल्पवयीनही असणे स्वाभाविक होते.

अल्पवयीन व परिवीक्षा

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार, अठरा वर्षांखालील मुलाच्या हातून घडलेल्या अपराधाचा निकाल त्या कायद्याखाली लागला असल्यास, त्यामुळे पुढे त्यास कोणतीही अपात्रता येत नाही, आणि विहित मुदतीनंतर नोंदी नष्ट करावयाच्या असतात. सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर ज्याच्यावर बाल न्यायालयात प्रौढाप्रमाणे खटला चालून तो दोषी ठरला, त्यास हे संरक्षण नाही. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ चे कलम १२ चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या प्रौढासही अपात्रतेपासून वाचविते. मात्र मूळ दोषसिद्धी त्यामुळे पुसली जात नाही, असे न्यायालयांनी म्हटले असल्याने भरतीत त्याचा लाभ मर्यादित राहतो. ब्रिटनमध्ये १९७४ च्या कायद्याने ठरावीक काळ निर्दोष वर्तन राहिल्यास जुनी शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते. भारतात प्रौढांसाठी असा सर्वसाधारण कायदा नाही. अल्पवयीन असतानाचा गुन्हा पडताळणी अर्जात लिहिला नाही म्हणून केंद्रीय दलांतील नेमणुका रद्द झाल्याची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आहेत. जी नोंद कायद्याने नाहीशी व्हावयास हवी तीच अर्जावर मागितली जाते, अशी तक्रार त्यांत पुन्हा पुन्हा आढळते.